डब्यात बंद झालेला वेताळ

इंदूर,
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मी साधी चौकशीही केली नाही, याची मला लाज वाटते. फोन करण्याचे रोज ठरवत होतो आणि रोज राहून जात होते. आता डोळा बरा असेल, असे धरून चालतो. माझे गुडघे तसेच आहेत, साखर आटोक्यात आहे, आणि हिला या पावसाळ्यात खोकल्याने जरा सतावले. तब्येतीचे एवढे पुरे. हे पत्र मी एका वेगळ्याच कारणासाठी लिहितो आहे, आणि ते कारण तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही.

आपला वेताळ सापडला.

होय, तोच. खजूरी बाजारात तुझे चार आणे आणि माझे चार आणे घालून घेतलेला, वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईने तुझे आणि माझे आद्याक्षर लिहिलेला, वेताळ या नायकाचा इंद्रजाल कॉमिक्सचा तो अंक. माईआत्याच्या रामबागेतल्या घराची आवराआवर गेल्या दिवाळीत झाली. तेव्हा तिच्या लुगड्यांच्या ट्रंकेत, अगदी तळाशी, महेश्वरीच्या दोन घड्यांमध्ये तो ठेवलेला होता. म्हणजे १९७९ साली नागपूरला निघताना तू तो आत्याच्या हातात दिला होतास, हे तुझे म्हणणे अक्षरशः खरे होते. आत्या विसरली, आणि मी तिच्या विसरण्यावर विश्वास ठेवला, तुझ्या सांगण्यावर नाही. त्या वेळी मी तुला पाठवलेले पोस्टकार्ड मला आजही पाठ आहे, आणि तुलाही असणार. 'चोर' हा शब्द उघड्या पोस्टकार्डावर लिहून मी तो तुझ्या वडिलांच्या हाती पडू दिला. दोन वर्षांनी देवासच्या लग्नात आपण पुन्हा बोलू लागलो खरे, पण ते मिटले कसे, तर कोणीच विषय काढला नाही म्हणून. आज मी तो काढतो आहे. बंडू, मी चुकलो होतो, आणि मला क्षमा कर. पुढे जे लिहिणार आहे त्याच्याशी या क्षमेचा संबंध नाही. तू पुढच्या प्रश्नाला काहीही उत्तर दिलेस तरी ही क्षमा मागणे उभेच आहे.

आता प्रश्न. ट्रंक उघडली तेव्हा मी घरात नव्हतो. न्यू जर्सीचा आपला भाचा तेव्हा इथे आला होता, आणि त्याला जुन्या कॉमिक्सचा संग्रह करण्याचा छंद आहे. त्याने तो अंक आणि आणखी दोन अंक सांभाळून तिकडे नेले, फ्लोरिडातल्या सीजीसी या संस्थेकडे प्रतवारीसाठी पाठवले, आणि गेल्या आठवड्यात माझ्या पंचाहत्तरीची भेट म्हणून आपला वेताळ परत आणून दिला. तो आला तो कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात बंद होऊन. संग्राहक त्याला स्लॅब म्हणतात. वर निळी पट्टी आहे आणि तिच्यावर ४.० असा आकडा आहे. मुलाने हे अत्यंत प्रेमाने केले आहे, आणि त्याच्यासमोर मी आनंदच दाखवला, जो खोटा नव्हता. पण तो गेल्यापासून मी हा डबा हातात घेऊन बसतो आणि मला काय होते ते सांगता येत नाही.

या व्यवहाराची पद्धत त्याने मला नीट समजावून सांगितली. अमेरिकेत जुन्या अंकांच्या किमती वाढत गेल्या, तसा विकणारा म्हणे 'उत्तम' आणि घेणाऱ्याला घरी गेल्यावर दिसे चिकटवलेला कणा किंवा रंग भरलेला कोपरा. हे भांडण मिटवण्यासाठी २००० साली ही संस्था निघाली. विक्रेता नाही आणि ग्राहकही नाही, असा तिसरा माणूस अंक तपासतो, पाने मोजतो, दुरुस्ती लपवली आहे का ते पाहतो, ०.५ पासून १० पर्यंतच्या मापावर आकडा देतो आणि अंक बंद करून टाकतो. दुरुस्ती केलेल्या अंकाला जांभळी पट्टी मिळते, तर आपल्यासारख्या, कोणी दुरुस्ती न केलेल्या अंकाला निळी. डबा एकदा फोडला की तो आकडा रद्द होतो, कारण फोडल्यानंतर कोणी काय केले याची हमी कोण देणार? पुन्हा आकडा हवा असेल तर पुन्हा शुल्क भरायचे, पुन्हा पाठवायचे, आणि या वेळी तो कमीही येऊ शकतो.

हे सारे मला पटते, आणि डबे फोडायलाच हवेत असे सरसकट म्हणणाऱ्यांच्या मी बाजूचा नाही. १९३८ साली सुपरमॅनला पहिल्यांदा जगासमोर आणणारा अ‍ॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक दहा सेंटला विकला गेला होता. त्याची ८.५ आकड्याची एक प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरला गेली. तसला अंक कोणी जेवणाच्या टेबलावर पसरून वाचावा, असे मी कधीही म्हणणार नाही. त्या कथेची पुनर्मुद्रणे मिळतात, तेव्हा वाचणाऱ्याचे काही अडत नाही, आणि मूळ कागद पुढच्या पिढ्यांच्या अभ्यासकांसाठी राहतो. ज्याला विकायचे आहे त्यानेही डबा जपावा, कारण त्याची किंमत त्या डब्यातच आहे. पण ज्याला विकायचे नाही, ज्याचा अंक त्याने स्वतः वाचून वाचून मऊ केलेला आहे, त्याने तो अंक परक्याच्या मोहोरेखाली आयुष्यभर न उघडता का ठेवावा? डब्यातून दिसते ते मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ. गोविंद ब्राह्मणिया यांची ती मुखपृष्ठे किती सुंदर असत हे मी तुला सांगायला नको, कारण रंगांवरून तू तासन्‌तास बोलत असस. पण मधली सगळी पाने, ज्यांच्यासाठी आपण चार-चार आणे दिले, ती असून नसल्यासारखी होतात.

तू म्हणशील, निदान कागद तरी टिकेल. मीही तेच समजत होतो. या स्वस्त कागदात लाकडाचा लगदा जसाच्या तसा असतो, त्यातले लिग्निन उजेड आणि हवा यांनी पिवळे पडते, कागदात आम्ल तयार होते आणि ते आम्लच कागदाला आतून खाते. म्हणजे रोग बाहेरून येत नाही, तो पानातच आहे. डब्यात घालताना मुखपृष्ठाच्या आणि मलपृष्ठाच्या आत आम्ल शोषणारा एक खास कागद ठेवतात. त्याने हे आम्ल काही काळ शोषले जाते, पण त्याचीही शोषण्याची ताकद कायमची नसते. डबा हवाबंदही नसतो. आपल्या इंदूरच्या श्रावणातली दमट हवा त्यात सावकाश का होईना शिरणार आणि पिनांना गंज चढवायचा तो चढवणार. उन्हात ठेवला तर मुखपृष्ठाचे रंग डब्यातही उडतील. अंक टिकवायचा तर थंड, कोरडी, अंधारी जागा लागते. ती डब्याबरोबर येत नाही, आपल्यालाच करावी लागते. आणि उलट, चांगली पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी, मागे आम्लमुक्त पुठ्ठा आणि कपाटातला उभा खण एवढे असले, तर उघडता येणारा अंकही वर्षानुवर्षे नीट राहतो.

मला राहून राहून माईआत्याची पैठणी आठवते. दर वर्षी दसऱ्याच्या आधी ती पैठणी बाहेर काढायची, दुपारभर सावलीत पसरायची आणि घडी बदलून परत ठेवायची. घडी बदलली नाही तर जरीची तार घडीवरच तुटते, असे ती सांगे. नेसायची ती वर्षातून एकदाच, पण हात मात्र नियमाने लावायची. त्याच ट्रंकेत, त्याच हातांखाली आपला अंक पंचेचाळीस वर्षे राहिला आणि त्याला ४.० मिळाले! तिने तो कोणाचा आहे हे विसरूनही फेकला नाही, एवढेच मला समजते. तिच्यावर रागावू नकोस. मीही नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी इतके लिहिले. देवासच्या त्या लग्नापासून प्रत्येक भेटीत तू मला एकच वाक्य ऐकवत आला आहेस, की अंकाच्या आत तुझ्यासाठी काही लिहून ठेवले आहे, सापडेल तेव्हा वाच. काय लिहिले आहे ते तू कधीच सांगितले नाहीस, आणि मी मनात म्हणायचो की अंकच नाही तर लिहिलेले कुठले. परवा भाच्याने पट्टीवरचा क्रमांक संगणकावर टाकून परीक्षकांची टिपणे मला वाचून दाखवली. कण्यावर ताणाच्या रेषा, कोपऱ्यावर शाईने अक्षरे, पिनांना हलका गंज. आणि त्यानंतर, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेला मजकूर.

मी भाच्याला विचारले, काय आहे तो मजकूर? तो म्हणाला, दोन-तीन ओळी आहेत, पण त्याला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. छायाचित्र त्याने फक्त मुखपृष्ठाचे काढले होते. फ्लोरिडातल्या परीक्षकांना तर देवनागरी ठाऊक असण्याचे कारणच नाही. त्यांच्या लेखी तो कागदावरचा एक दोष आहे, आणि त्याने आकडा खाली आणला असणार. तू माझ्यासाठी लिहिलेल्या ओळी दोष म्हणून मोजल्या गेल्या, हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. आणि तो आम्ल शोषणारा कागद मी तुला सांगितला ना? तो नेमका तिथेच, तुझ्या अक्षरांवर टेकून ठेवला आहे. डबा कसाही फिरवला, खिडकीशी धरला, विजेरी लावली, तरी काही दिसत नाही. मी सगळे करून पाहिले आहे.

फोन करून तुला विचारता आले असते, हे मला कळते. पण सांगितलेले ऐकणे आणि तुझ्या त्या वयातल्या, शिरोरेषा वर चढत जाणाऱ्या अक्षरात ते वाचणे, या दोन गोष्टी एक नाहीत. (त्या शिरोरेषेसाठी मास्तरांनी तुला किती वेळा बाकावर उभे केले होते! आणि तू बाकावरूनच खिडकीबाहेरचा पतंग कोणाचा कटला ते सर्वांना सांगत होतास.) शिवाय आणखी एक आहे. मी तो डबा तुझे म्हणणे खरे होते का हे तपासण्यासाठी उघडला, असे मला स्वतःलाही वाटायला नको आहे. ते खरे होते. परीक्षकांचे टिपण नसते आणि मुखपृष्ठावर आपली आद्याक्षरे नसती, तरीही मला ते १९७९ सालीच पटायला हवे होते.

डबा फोडण्याचे तंत्र मी समजून घेतले आहे. बाहेरचे कडक कवच कोपऱ्यापाशी चपट्या पेचकसाने हळूहळू उचलायचे, घाई करायची नाही. आत आणखी एक पातळ प्लॅस्टिकचे बंद पाकीट असते. ते अंकापासून लांबच्या कडेने कात्रीने कापायचे, कारण नवशिके तिथेच अंकाचा कोपरा दुखवतात. पट्टी फेकायची नाही, अंकाबरोबरच ठेवायची. नवी पिशवी आणि पुठ्ठा मी मागवले आहेत.

परंतु मी अजून पेचकस लावलेला नाही, कारण चार आणे तुझे आहेत. मुंबईच्या एका संग्राहकाला भाच्याकडून हा अंक कळला. आपल्या दोघांपैकी कोणाच्याही महिन्याच्या निवृत्तिवेतनापेक्षा अधिक रक्कम द्यायला तो तयार आहे, अट एकच, डबा बंद हवा. त्यातला निम्मा वाटा तुझा. गेल्या वर्षी तुझ्याकडे जो खर्च झाला तो मी विसरलेलो नाही, आणि तू विक म्हणालास तर मी एक शब्दही न काढता विकेन. फोडल्यावर तीच रक्कम कोणी देणार नाही, हेही तुला आधीच सांगितलेले बरे. माझे मन मात्र तू विचारलेस तर स्पष्ट आहे. मला तो उघडायचा आहे, आणि तू इथे असताना उघडायचा आहे.

सूनबाईंची बदली झाली का? नातीचा दहावीचा निकाल भाच्याने सांगितला, तिला माझे आशीर्वाद सांग. वहिनींना नमस्कार.

दसऱ्याला येता आले तर पाहा. नागपूरहून गाडी सकाळी पोहोचते, मी स्थानकावर येईन. तोवर डबा लोखंडी कपाटात, माईआत्याच्या त्याच महेश्वरीत गुंडाळून ठेवला आहे. तू हो म्हणालास तर कवच मी उचलेन, पण मुखपृष्ठ तू उलटायचे. आणि येताना नवा चष्मा घालून ये, कारण कागद पिवळा झाला असणार आणि पेन्सिलीच्या ओळी तुलाच मला वाचून दाखवाव्या लागतील.

तुझा,
बापू