मन्यास पत्र: सह्याद्री आणि आजीचा बटवा

पुणे, रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मन्या,

तब्येती सगळ्यांच्या ठीक. आईचे गुडघे सोडले तर बाकी तक्रार नाही. माझी शुगर काठावर आहे, डॉक्टर चालायला सांगतात, मी चालतो. झालं. आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण हे मला दुसऱ्या कोणालाच सांगता येणार नाही. नीताला सांगायला बसलो तर आधी टँकर म्हणजे पुढे राहून मार झेलणारा, डिफेंडर म्हणजे मागून इतरांना सांभाळणारा इथपासून सुरुवात करावी लागली आणि मूळ गोष्टीपर्यंत पोचेस्तोवर तिला झोप लागली.

मी परत सिटी ऑफ हीरोजमध्ये गेलोय, आपल्या त्या जुन्या ऑनलाइन खेळात.

तुला ठाऊक असेलच की 2019 मध्ये खेळाडूंनी ते पुन्हा उभं केलं. होमकमिंग म्हणतात. लोक वर्गणी काढून सर्व्हर चालवतात, आणि जानेवारी 2024 मध्ये मालक कंपनी एनसीसॉफ्टने त्यांना रीतसर परवानाही दिला. मी इतकी वर्षं मुद्दाम तिकडे फिरकलो नव्हतो. 30 नोव्हेंबर 2012 च्या रात्री खेळ बंद झाला तेव्हा आपण दोघं फोनवर होतो, तू तिकडे, मी इकडे, आणि पडद्यावर ॲटलसच्या पुतळ्याखाली ती गर्दी. त्यानंतर पुन्हा त्या शहरात पाऊल टाकायचं धाडस होत नव्हतं. या मे महिन्यात घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरून तुझं ते एक्सेल निघालं. जर्सी सिटीच्या खोलीत भिंतीला चिकटवलेलं, चार पानं, कोपऱ्यात चहाचा गोल डाग. त्याच रात्री डाउनलोड लावलं.

पात्र कोणतं केलं हे विचारायलाच नको. सह्याद्री. दगडी चिलखत, दगडी मुठी, काळा कातळ. नाव मोकळं होतं! आपल्या खोलीतला तेलुगू बाबा त्याला फ्रिज म्हणायचा ते आठवलं. ‘फ्रिज चालायला लागला, सगळे मागे व्हा.’

महिनाभर मजा आली. हात काही विसरलेले नाहीत. ग्रॅनाइटचं कवच मिळालं त्या रात्री मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आणि मग गेल्या शुक्रवारी ते झालं.

आठ जणांची टीम, समोर कार्निव्हल ऑफ शॅडोज. मुखवटेवाले. ग्रॅनाइट काय काय झेलतं हे तू जाणतोस: आग, बर्फ, गोळ्या, तलवारी. फक्त मनावरचा हल्ला त्याला थांबवता येत नाही, आणि कार्निव्हलच्या त्या रिंग मिस्ट्रेस नेमकं तेच करतात. टीममध्ये एक एम्पथी डिफेंडर होता, म्हणजे बरं करणारा, अगदी नवा. सुरुवातीलाच त्याने लिहिलं होतं की या खेळातलं हे पहिलंच पात्र आहे, चुकलं तर सांगा. मी माझ्या सवयीप्रमाणे पुढे गेलो, एक टोळी अंगावर घेतली, वळण घेऊन भिंतीआड गेलो की सगळे माझ्यामागे एका जागी गोळा होतात आणि लांबून मारा करणाऱ्या ब्लास्टरला एका झटक्यात साफ करता येतात. बरोबरच आहे ना रे? तूच म्हणायचास की कोपरा म्हणजे टँकरचा स्वयंपाकघरातला ओटा. तिथे दुसरी टोळी दिसली. म्हटलं, ही पण घेऊ.

सतरा, मन्या. एका माणसावर एका वेळी सतराच शत्रू चिकटतात, 2005 पासून. त्याआधी आपण अख्खं गोदाम मागे घेऊन फिरायचो ती गोष्ट वेगळी. माझ्याभोवती पंचवीस तरी असतील. सतरा माझ्यावर आणि उरलेले सगळे मागे त्या पोरावर. मला ते दिसलंच नाही. मला दिसत होती ती माझी हिरवी पट्टी, अर्धी, पाव, मग लाल. मी पडलो. माझ्यामागे सगळी टीम पडली.

आणि मी चॅटमध्ये लिहिलं, ‘हीलरला एकच काम असतं.’

पोराने ‘सॉरी’ लिहिलं आणि टीम सोडली. मग लगेच खेळातूनच बाहेर.

पडद्यावर ते वाक्य तसंच होतं आणि मला घाम फुटला, कारण ते माझं जुनंच वाक्य होतं. 2006. टेरा व्होल्टाचा रिॲक्टर, तिसरा रिस्पेक (पॉवर नव्याने निवडायची संधी देणारी मोहीम), समोर रिक्टी शत्रू. तुझी खुर्ची माझ्या खुर्चीला पाठ लावून, आत कुकर लावलेला. तेच शब्द, फक्त मराठीत आणि मोठ्याने, खोलीतले दोघे, बाबा आणि नाना, ऐकत असताना. तू हेडफोन काढून ठेवलेस, उठलास, गॅस बंद केलास आणि बाहेर गेलास. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तुझं होतं म्हणून ते माझ्या लक्षात आहे. त्यानंतर चार दिवस आपण ‘भात कोण लावतंय’ एवढंच बोलत होतो.

मी त्या पोराला निरोप टाकला. त्याच पात्राच्या नावावर, तीनदा. उत्तर नाही. शनिवारी पुन्हा टाकला. नाही. मग मी एक गोष्ट केली जी तेव्हाच, जर्सी सिटीत करायला हवी होती. एम्पथी डिफेंडर केला. इतक्या वर्षांत एकदाही केला नव्हता, मन्या. तुझ्या शेजारी बसून सहा वर्षं खेळलो आणि एकदाही तुझ्या बाजूने पडदा कसा दिसतो ते बघितलं नाही.

तुला हे सगळं पाठ आहे, तरी मला लिहू दे.

पहिले दोन दिवस मी नुसत्या पट्ट्या बघत होतो. कोणाची पट्टी उतरली की हील अदर, दोघातिघांची उतरली की हीलिंग ऑरा. सारखा उशीर. पट्टी उतरलेली दिसते तेव्हा घाव बसून गेलेला असतो. मग एका टीममध्ये एका जुन्या खेळाडूने सांगितलं, पट्ट्या बघू नकोस, शत्रू बघ. वार चुकवायला मदत करणारं फॉर्टिट्यूड लढाईच्या आधी दे. झोपवणारे, थिजवणारे समोर असतील तर ब्लास्टरला आणि कंट्रोलरला आधीच क्लिअर माइंड दे, टँकरकडे स्वतःचं असतं. तेव्हा मला तुझं ते एक्सेल उमगलं. मी ते कायम आकड्यांचं वेड म्हणून बघितलं. पहिल्या पानावर तू लाल पेनाने लिहिलंयस: शत्रूचा वार लागायची शक्यता मुळात 50 टक्के, डिफेन्स 45 वर नेलं की 5, त्याखाली नाही. आणि शेजारी बाण काढून: ‘40 वरून 45 म्हणजे घाव निम्मे!!’ दोन उद्गारचिन्हं. दहातला एक वार लागत होता तो विसातला एक लागतो. बरं करण्यापेक्षा लागूच न देणं, हे तू वीस वर्षांपूर्वी करत होतास आणि मी विचारत होतो की तू सारखी हिरवी जादू का टाकत नाहीस.

ॲब्सॉर्ब पेन मी काल पहिल्यांदा वापरलं. हातघाईवर लढणारा स्क्रॅपर मरायला टेकला होता, बाकी सगळ्या पॉवर थंड व्हायच्या होत्या. बटण दाबलं. त्याची पट्टी भर्रकन वर गेली आणि माझी खाली आली. स्वतःचं रक्त काढून द्यायचं. मी पडद्यासमोर थांबलोच. त्या टेरा व्होल्टाच्या रात्री तू आमच्या आधी पडलास, आणि मी त्यावरूनही बोललो होतो, की हीलरच आधी मरतो म्हणजे काय. तू माझ्यावर किती वेळा दाबलं होतंस ते बटण? दोनदा? तीनदा? खरं सांग.

पण सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. हील अदरला समोरचा माणूस दिसावा लागतो. मध्ये भिंत आली की संपलं, बटण दाबा नाहीतर कपाळ आपटा. परवा आमच्या टीमचा टँकर, चांगला खेळणारा, अगदी माझ्यासारखा वळणावरून आत गेला. त्याची पट्टी यादीत उतरताना मला दिसत होती, तो मात्र दिसत नव्हता. मी दाबतोय, दाबतोय, काही होत नाही. धावलो तर वळणावर उरलेल्या टोळीने मलाच धरलं. आणि तेव्हा मला तुझा आवाज ऐकू आला. शब्दशः. त्या रात्री रिॲक्टरच्या पलीकडच्या बाजूला मी उभा होतो आणि तू पाठीमागून ओरडत होतास, ‘दिसत नाहीस, अव्या! दिसत नाहीस!’

मला तेव्हा वाटलं होतं, कारणं सांगतोयस.

एवढी वर्षं हे मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी ती गोष्ट लोकांना सांगितली, ‘आमच्या मन्याने एकदा मला मरू दिलं’, आणि सगळे हसायचे, तूही नानाच्या लग्नात हसलास. तू कधी दुरुस्त का केलं नाहीस रे?

आता एक मात्र सांगतो आणि त्यावर मी आजही ठाम आहे. त्या रात्री समोर मेस्मरिस्ट होते, मनावर हल्ला करणारे, तेव्हा तुझं एक फॉर्टिट्यूड माझ्यावर असायला हवं होतं. इतर वेळी ब्लास्टरला दे, बाबाला दे, तो कागदासारखा फाटायचा, मान्य. त्या एका रात्रीपुरतं मला. हा वाद संपलेला नाही आणि आकडे घेऊन आलास तरी मी माघार घेणार नाही.

बाकीच्या बाबतीत मात्र मी चुकलो. मला झोप येत नाहीये ती यामुळे की हे फक्त खेळात आहे असं वाटत नाही. गेल्या महिन्यात सिंहगड चढताना नीता म्हणाली, ‘तू पुढे जातोस आणि वळणावर थांबतोस, पण वळणाच्या पलीकडे थांबतोस.’ तेव्हा मी हसलो होतो. आणि तुझे बाबा गेले तेव्हा मी दोन ओळी टाकल्या. फोन करीन करीन म्हणत केला नाही. तुला बरं वाटेल असं काही सुचेपर्यंत थांबू, असं वाटत राहिलं, आणि मग इतका उशीर झाला की करायची लाज वाटू लागली. काकांनी मला पहिल्यांदा विमानतळावर सोडताना खिशात पाकीट कोंबलं होतं, ‘मनोहरला सांगू नकोस’ म्हणून. तुला सांगितलं नव्हतं कधी. पन्नास डॉलर होते. आपण त्यातून तो दुसरा मॉनिटर घेतला, ज्यावर तू खेळायचास.

मला माफ कर, मन्या. दोन्हीसाठी.

ते पोर परत येईल की नाही माहीत नाही. त्याचं नाव मी वहीत लिहून ठेवलंय. रोज लॉगिन झाल्यावर आधी शोधतो. आलं तर त्याला सांगायचंय की चूक त्याची नव्हती, पंचवीस मी आणले होते आणि भिंतीआडही मीच गेलो होतो. आणि तुझं एक्सेल द्यायचंय त्याला, चारही पानं, नव्याने टाइप करून. चालेल ना? इंग्रजीत करतोय. ‘हीलर म्हणू नका’ हे तू तिसऱ्या पानावर चौकटीत लिहिलंयस, ते सगळ्यात वर घेतोय.

तुझं कळलं, नवी नोकरी, घरूनच काम, झकास. धाकटीचं ड्रायव्हिंग झालं का? वहिनींना नमस्कार सांग, त्यांच्या मेथीच्या लोणच्याची बाटली अजून जपून वापरतोय. बर्फ काढायला माणूस ठेव आता, स्वतः फावडं मारत बसू नकोस.

आणि एक काम आहे. एव्हरलास्टिंग सर्व्हरवर ‘आजीचा बटवा’ हे तुझ्या जुन्या पात्राचं नाव मोकळं होतं. दुसरं कोणी घेईल या भीतीने मी ते माझ्या खात्यात करून ठेवलंय. पहिली पातळी, एम्पथी, तोच हिरवा शेला, तोच पांढरा अंबाडा, जमेल तितका तसाच केला. ॲटलसच्या पुतळ्याखाली उभी केली आहे, मिस लिबर्टीच्या डाव्या हाताला. एक पाऊलही हलवलेली नाही. ती मी खेळणार नाही.

तू फुकट खातं उघड आणि शनिवारी मला फोन कर, आमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तुझे दुपारचे बारा. नाव टाइप करून तयार बस. तीन म्हटलं की मी इकडून पुसतो आणि तू तिकडून लगेच घे. मध्ये कोणी झडप घालायच्या आत.

तुझा,
अव्या

ता. क. फोन मीच करतो. तू नको करूस. साडेनऊला.