‘पुढे मूल होईल ना?’ हा प्रश्न जरा नंतर विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला, भाचीला चार महिने पाळी आलेली नाही, वय 16, आणि ताईचा पहिला प्रश्न काय तर ‘हिला पुढे मूलबाळ होईल ना गं?’ फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण हाच प्रश्न नऊ वर्षांपूर्वी आईने डॉक्टरांना माझ्याबद्दल विचारला होता आणि मी बाजूच्याच खुर्चीत होते. माझं तेव्हा काय चाललंय, हे त्या खोलीत कोणीच विचारलं नाही.

मी 19ची होते. आठ महिन्यांत 11 किलो वजन उतरवलं होतं, रोज पळायचे, जेवण म्हणजे नावापुरतं, आणि सगळे कौतुक करायचे त्यामुळे मलाही वाटायचं मस्त चाललंय. पाळी आधी पुढे पुढे गेली मग बंदच झाली, सात महिने. सोनोग्राफीत अंडाशयात ‘खूप गाठी’ दिसल्या. पीसीओडी (म्हणजे पीसीओएसच, हार्मोनच्या बिघाडाने पाळी अनियमित होते तो त्रास) आहे, वजन कमी करा आणि मूल हवं असेल तर फार उशीर करू नका, एवढं ऐकून आम्ही घरी आलो. मी आधीच बारीक होते तरी घरी येऊन अजून कमी खायला लागले! पाळी यावी म्हणून दिलेल्या हार्मोनच्या गोळ्यांचा कोर्स झाला की ब्लीडिंग व्हायचं, वाटायचं झालं बरं, पुढचा कोर्स घेतला नाही की परत काही नाही. गोळ्या थांबवल्यावर येणारं ते ब्लीडिंग म्हणजे स्वतःहून आलेली पाळी नव्हे हे मला दोन वर्षांनी कळलं.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं, दिवसभरात खातेस काय आणि पळतेस किती. मग रक्त तपासलं तर एफएसएच, एलएच (मेंदूकडून अंडाशयांना निरोप देणारी हार्मोन) आणि अंडाशयात बनणारं इस्ट्रोजेन, सगळंच खाली. म्हणजे अंडाशय ठीक होते, खायला पुरत नाही म्हणून मेंदूनेच त्यांना निरोप पाठवणं थांबवलं होतं. आणि त्या गाठी म्हणजे गाठी नसतातच, अपक्व स्त्रीबीजाच्या बारीक पिशव्या असतात, तरुण वयात त्या चांगल्या तब्येतीच्या मुलींनाही भरपूर दिसतात. म्हणूनच 2023च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये लिहिलंय की किशोरवयात पीसीओएस ठरवायला सोनोग्राफी वापरू नये. माझं पळणं कमी झालं, पोटभर जेवायला लागले, वजन वाढलं (ते वाढताना खूप रडले हेही सांगते) आणि सात महिन्यांनी पाळी आपोआप आली.

हे सगळं लिहायचं कारण असं की पाळी चुकते हे लक्षण एकच पण कारणं कितीतरी, आणि उपाय कधीकधी अगदी उलटे. पीसीओएस असून वजन जास्त असेल तर 5-10 टक्के वजन उतरल्यावरही अनेकींची पाळी सुधारते, माझ्यासारखीला तेच सांगितलं तर ती अजून खड्ड्यात जाते. कोणाचं थायरॉइड असतं, कोणाचं प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध तयार करणारं हार्मोन) वाढलेलं असतं, कधी दुसऱ्याच आजाराच्या गोळ्यांमुळेही ते वाढतं. आणि सगळ्यात आधी करायची ती प्रेग्नन्सी टेस्ट, कारण पाळी येत नाही म्हणजे दिवस जाणारच नाहीत हा मोठा गैरसमज आहे, स्त्रीबीज पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं त्यामुळे मधे पाळी न येताही दिवस राहू शकतात.

मुलाचं म्हणाल तर पाळी अनियमित म्हणजे बीज कधी सुटेल याचा भरवसा नाही, बीज नाहीच असं नव्हे. पीसीओएस असलेल्या बहुतेकींना मुलं होतात, काहींना औषधाची मदत लागते, बीज सुटावं म्हणून लेट्रोझोलसारख्या गोळ्या वापरतात. हो, 40 वर्षांच्या आतच अंडाशयांचं काम मंदावतं असंही काहींना होतं, तिथे मूल होण्याची काळजी खरी असते आणि खोटा धीर देऊ नये, पण तिलाही ते लवकर कळलं तर हाडं आणि हृदय जपायला हार्मोन सुरू करता येतात.

मी भीतीपोटी एकदा स्वतःच जाऊन एएमएच (अंडाशयात बनणारं एक हार्मोन) रक्तात तपासून घेतलं आणि त्या आकड्याने दोन रात्री झोपू दिलं नाही. नंतर वाचलं की अमेरिकेत 30 ते 44 वयाच्या बायकांवर केलेला अभ्यास 2017 साली आला, त्यात एएमएच कमी असलेल्या बायकांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा काही कमी नव्हती. आकडा बीजांच्या साठ्याचा अंदाज देतो, मूल होईल की नाही ते सांगत नाही. हे मला टेस्टच्या आधी कोणी सांगितलं असतं तर!

सगळ्यात जास्त राग येतो तो ‘मूल हवं असेल तेव्हा बघू’ या वाक्याचा. पीसीओएसमध्ये महिनोन्महिने पाळी नाही आली तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं म्हणून किमान तीन महिन्यांतून एकदा तरी ब्लीडिंग होईल असं डॉक्टर बघतात. माझ्यासारखीचं इस्ट्रोजेन कमी राहिलं की हाडं ठिसूळ होतात, 21व्या वर्षी तपासणीत माझ्या हाडांची घनता वयाच्या मानाने कमी आली होती. जिला मूल कधीच नकोय तिलाही हाडं लागतातच ना.

पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्षभर मागेपुढे होणं चालतं, पण त्यानंतर 90 दिवस उलटले किंवा वय 15 होऊनही पाळी आलीच नाही तर दाखवायला हवं. तुमच्या आरोग्य पुरवणीत हे एवढं तरी मोठ्या अक्षरात छापा, आणि जमलं तर मुलींना नाव न सांगता प्रश्न विचारता येतील अशी जागा ठेवा.

भाचीची अपॉइंटमेंट गुरुवारी आहे. तिने मला सोबत यायला सांगितलंय आणि मागच्या वर्षभराच्या तारखा, आठवतील तेवढ्या, स्वतः वहीत लिहून काढल्यात. ताईला मी सांगून ठेवलंय, आत गेल्यावर आधी तिला बोलू दे.

आपली एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती)