खिळा ठोकण्याआधी

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, तुमची जलरंगचित्रं आणि विद्यार्थ्यांची नवी कामं सप्टेंबरात कॉलेजच्या हॉलमध्ये एकत्र लावायची ठरली, हे फार चांगलं झालं. पण तुमच्या यादीत 40 चित्रं आहेत आणि भिंती तीनच. इकडे विद्यापीठाच्या गॅलरीतही दर प्रदर्शनाला पहिलं भांडण याच्यावरूनच होतं. शिवाजी तुपेंपासून नाशिककरांनी गोदाघाट जलरंगात पुष्कळ पाहिलाय, तेव्हा घाटाची तीन निवडक चित्रं पुरेत.

किती मावतील ते अंदाजाने ठरवू नका. तुमचा कागद हाफ इम्पिरियल, म्हणजे 15 बाय 22 इंच. चारी बाजूंनी तीन इंच माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आणि अर्ध्या इंचाची पट्टी धरली की आडवी फ्रेम 22 इंच उंच आणि 29 इंच रुंद होते. 20 फुटांची भिंत म्हणजे 240 इंच. पाच फ्रेमना 145 गेले, उरले 95. कडेच्या धरून मोकळ्या जागा सहा, म्हणजे प्रत्येकी जवळजवळ 16 इंच. सहावी फ्रेम घुसवली तर हेच अंतर साडेनऊवर येतं आणि एक चित्र बघताना शेजारचं डोळ्यात येत राहतं. फ्रेम आधी भिंतीलगत जमिनीवर मांडून क्रम ठरवा, मग ड्रिल हातात घ्या.

उंची सगळ्या फ्रेमच्या मध्यबिंदूवरून धरायची, वरच्या कडेवरून नाही. जमिनीपासून मध्य 57 इंचांवर. खिळ्याची जागा काढायला 57 मध्ये फ्रेमची अर्धी उंची मिळवा आणि मागची तार वर ताणल्यावर ती वरच्या कडेच्या जितकी खाली राहते तितकं वजा करा. तुमच्या फ्रेमला 57 अधिक 11 वजा 3, म्हणजे 65 इंच. तार न ताणता मोजली की चित्र हमखास खाली उतरतं. एकाऐवजी दोन हूक लावा, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने किंवा कोणाचा खांदा लागून फ्रेम तिरकी होत नाही. गवंड्याचं निळ्या पुडीचं सूत भिंतीवर मारू देऊ नका, तो डाग रंगावरून सहज निघत नाही.

चित्र वाकडं लागलं तर दोन मिनिटांत सरळ करता येतं. ओल आणि उजेड यांनी केलेलं नुकसान मात्र परत फिरत नाही. पावसाळा संपता संपता भिंत वरून कोरडी दिसते, तेवढ्यावर जाऊ नका. एक फूट चौरस प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टी लावून 24 तास ठेवा. आतल्या बाजूला घाम धरला तर ओल भिंतीत आहे; ती भिंत विद्यार्थ्यांच्या जमिनीवरच्या मांडणीला द्या. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी गोळ्या चिकटवा, म्हणजे हवा खेळते. कागद काचेला थेट टेकू देऊ नका. टेकला की दमटपणात चिकटतो आणि बुरशी येते.

कागद माउंटला सेलोटेपने चिकटवायचा नाही. तो पिवळा पडतो आणि डिंक कागदात मुरतो. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोनच पट्ट्या लावा, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या, कारण दमट हवेत कागद फुगतो. चारी बाजूंनी डकवला तर लाटा येतात. आई, त्या पट्ट्या चिकटवायला खळ तू कर. कुरडईला काढतेस तोच गव्हाचा चीक, पण मीठ-हिंग नको, आणि वरचं पाणी चार-पाचदा बदल म्हणजे आंबटपणा जाईल. खाली बसलेल्या सत्त्वाच्या एका वाटीला पाच वाट्या पाणी घालून, मंद आचेवर ढवळत अर्धा तास शिजव आणि गार झाल्यावर गाळ. मैदा नको, त्यातल्या प्रथिनांमुळे खळ कडक होते आणि कीडही येते. पुस्तकं बांधणारे घालतात तसा मोरचूदही नको, तांब्याने कागद कुजतो.

आता उजेड. जलरंगाला 50 लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) पुरे. दिवसाला 8 तास धरले तर 10 दिवसांत 4000 लक्स-तास होतात. पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं 50,000 लक्सचं ऊन चित्रावर पाचच मिनिटं पडलं तरी तेवढंच होतं! तुम्ही वापरता तो अलिझरिन क्रिमझन तर आधीच कच्चा रंग. त्या खिडक्यांना जाड पडदे लावा. दिवे छतावरून साधारण 30 अंशांनी तिरके सोडा, म्हणजे काचेवरची चमक बघणाऱ्याच्या डोळ्यात येत नाही.

विद्यार्थ्यांच्या व्हिडिओला कोपरा लागेल. थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.5 असलेल्या प्रोजेक्टरला दोन मीटर रुंद चित्रासाठी तीन मीटर अंतर हवं. वीज जाऊन आली की तो आपोआप सुरू होईल अशी सेटिंग आधी तपासा, नाहीतर दुपारभर काळा पडदा राहील आणि लोकांना तीच कलाकृती वाटेल. आवाजाला हेडफोनच द्या.

लेबलवर नाव, वर्ष, माध्यम, मग माप. आधी उंची, नंतर रुंदी. 38 × 56 सेंमी असं. अक्षर 18 पॉइंटपेक्षा लहान नको, तुमच्या वयाचे लोक वाकून वाचतात. आई, प्रत्येक चित्र येताना आणि जाताना त्याचा पुढून-मागून फोटो आणि वहीत नोंद, ओरखडा असला तर तोही. हे काम बाबांकडे देऊ नकोस.

हॉलच्या तिन्ही भिंतींची लांबी आणि खिडक्या-स्विचबोर्डांच्या जागा मोजून फोटोसकट पाठवा, मी आराखडा काढून देते.

तुमची
लेक