पाटल्या मोडल्या, आई

पुणे, रविवार, रात्र

ती. आई आणि ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं चारदा ठरवलं. पण फोनवर आई "जेवलीस का" विचारते, मी "हो" म्हणते, बाबा मागून "बरं, ठेवा आता" म्हणतात आणि तिथंच सगळं संपतं. म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावा आणि मोठ्यानं वाचा. मधलं गाळायचं नाही.

हिंजवडीची नोकरी मी जूनमध्ये सोडली. काढलं नाही, मीच सोडली. गणपतीत घरी लॅपटॉप उघडून बसायचे ते ऑफिसचं काम नव्हतं, दागिन्यांची चित्रं काढत होते. खोटं बोलले, चुकलंच. पण पीएफला हात लावलेला नाही. आठ महिन्यांचं भाडं बाजूला काढलंय, मेडिक्लेम स्वतःच्या नावानं घेतलाय. चपात्यांना मावशी येतात, भाजी मी करते, आणि करते म्हणजे खरंच करते.

रविवार पेठेत एका कारखान्यात बसायला जागा मिळालीय. कारागीर दादा मूळचे बंगालचे, पण आता "काय ताई, परत जाळलंत?" असं चक्क पुणेरी टोचून बोलतात. त्यांच्याकडे डाक द्यायला, म्हणजे धातूचे तुकडे वितळत्या डाकानं जोडायला, शिकतेय. टाकणखार लावायचा, डाकाचा एवढासा कण ठेवायचा आणि ज्योत अशी फिरवायची की कण वितळला पाहिजे, दागिना नाही. पहिल्या महिन्यात दागिनाच वितळायचा. बोट थोडं भाजलं होतं, आता बरं आहे.

बाबा, याची सुरुवात तुम्हीच केलीत. मी चौथीत असताना लुनावर मागं बसवून मला माहुलीला नेलं होतंत. कृष्णेच्या काठी ताराबाईंची समाधी दाखवलीत. राणीची समाधी एवढी साधी का, असं मी विचारलं, तर म्हणालात, "मोठी झालीस की तूच शोध." तेच शोधतेय. १७०० साली त्यांचे पती राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. त्याच वर्षी आपला अजिंक्यतारा बादशहानं घेतला, मग पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, तोरणा. तरी त्या बाईनं लढाई थांबवली नाही, आणि १७०७ मध्ये औरंगजेब नगरला मेला, दिल्ली पुन्हा बघितलीच नाही त्यानं. आणि आपण त्यांच्या समाधीपाशी भेळ खाऊन आलो होतो!

तर मी त्यांच्या नावानं गळ्यातला साज केलाय, चांदीचा. कोल्हापुरी साजात एकवीस पानं: दहा अवतारांची, आठ अष्टमंगलाची, मग माणिक, पाचू आणि तायत. मी अवतारांच्या जागी दहा किल्ले बसवले, प्रत्येक पानाला त्या त्या गडाच्या माथ्याचा आकार. आई, देव काढले म्हणून रागावू नकोस. अष्टमंगल आणि तायत जिथल्या तिथं आहेत. लॉकेटवर राणीचा चेहरा छापून विकणं मला जमणार नाही, ते कॅलेंडरवाल्यांनी करावं. प्रदर्शनात एका बाईंनी साज अर्धा तास हातात धरला आणि विचारलं, "यात मोर नाही का?"

सावित्रीबाईंसाठी साडीची पिन आहे. दगडूशेठसमोरच्या भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा भरायची. वाटेत लोक शेण फेकायचे म्हणून त्या जास्तीची साडी बरोबर न्यायच्या, हे तूच मला वेणी घालताना सांगितलंस. पिनेची एक बाजू काळी, खडबडीत ठेवलीय, उलटली की लख्ख. ही सगळ्यात जास्त खपते, शिक्षिका नेतात.

आणि रखमाबाईंची बांगडी. अकराव्या वर्षी लग्न लावलं, मोठ्या झाल्यावर त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. बांगडीचा पेच मी आतल्या बाजूला ठेवलाय, घालणारीलाच सापडतो. आई, याचा माझ्या स्थळांशी काही संबंध लावू नकोस.

बाबा, इथं थांबा. कागद आईकडे द्या.

आई, लॉकरला ठेव म्हणून दिलेल्या चार पाटल्यांतल्या दोन मी मोडल्या. चांदी, हत्यारं, जागेचं डिपॉझिट. कर्ज मिळत होतं, पण हप्ता म्हटलं की मला तुझी मोहनमाळ आठवते. सोनाराकडे नुसती उभी होते, पोटात कालवत होतं. आजी दोन पाटल्या चार तोळ्यांच्या सांगायची ना? कापल्यावर आत लाख निघाली. सोनं भरलं अडीच तोळे. सोनार माझ्याकडे बघत राहिला आणि मला एकदम आठवलं, बाकीचे दागिने तू उजळायला पेठेत द्यायचीस, पाटल्या मात्र दर दिवाळीला घरीच, रिठ्याच्या पाण्यात. तुला माहीत होतं ना गं? इतकी वर्षं, आत्यांसमोर, काकूंसमोर, त्या बारशाला सगळ्यांनी हातात घेऊन जोखल्या तरी. मी रडले नाही. रिक्षात बसल्यावर रडले.

आता परत बाबांकडे दे.

बाबा, बीपीची गोळी सकाळचीच, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. मोतीबिंदूची तारीख दिवाळीनंतरची घ्या, मी आठ दिवस येऊन राहीन. आता रजा मागायला साहेब नाही, हा एक फायदा. अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाता ते वरपर्यंत नको, निम्म्यातून परत. आईला स्टुलावर चढू देऊ नका, माळ्यावरचे फराळाचे डबे मी काढीन. गुडघ्याचं तेल संपलं असेल, लपवू नका. चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल, पण फोन उचला.

आई, वसुबारसेला येते. उरलेल्या दोन पाटल्या बरोबर आणते. बाहेर कुठं द्यायच्या नाहीत, घरीच रिठ्यात धुऊ.

तुमची,
चिमी