मोठ्या कॅमेऱ्याला काळा कपडाच हवा, पण नागपूरचे ऊन ओळखून शिवलेला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत फिल्म कॅमेऱ्यांकडे पुन्हा वळणाऱ्या तरुणांविषयी आलेला लेख वाचून मनापासून आनंद झाला. लार्ज फॉरमॅटसारख्या (तळहाताएवढ्या फिल्मच्या एकेका पानावर चित्र घेण्याच्या) संथ आणि खर्चिक कामाची दखल मराठी वृत्तपत्राने घ्यावी, ही आम्हा छायाचित्रकारांना सुखावणारी गोष्ट आहे. मात्र डोक्यावर काळा कपडा घेण्याची पद्धत आता कालबाह्य झाली असून नवशिक्यांनी सरळ व्ह्यूइंग हूड, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बसवायचा आडोसा, घ्यावा, असा जो सल्ला त्या लेखात ओघात देऊन टाकला आहे, तो मला पटत नाही. परदेशातून हूड मागवण्यासाठी पैसे साठवू लागलेल्या मुलांनी त्याआधी या प्रश्नाचा नीट विचार करावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

४×५ इंची फिल्मच्या कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला दुधी काच असते आणि तिच्यावर समोरच्या दृश्याची प्रतिमा खालची बाजू वर, डावी बाजू उजवीकडे, अशी पूर्ण उलटी उमटते. चौकट ठरवणे, फोकस करणे, लेन्स वर-खाली सरकवून किंवा कलती करून इमारतीच्या रेषा आणि फोकसचे प्रतल (ज्या पातळीवरचे सगळे स्पष्ट दिसते ती) जुळवणे, ही सगळी कामे त्या काचेकडे पाहूनच करायची असतात. अडचण येते ती उजेडाची. भर दुपारी उन्हातल्या भिंतीवर सुमारे १ लाख लक्स (लक्स हे उजेडाचे माप) प्रकाश पडत असला, तरी तिच्यासारख्या मध्यम उजळ पृष्ठभागाची प्रतिमा एफ/५.६ च्या (हा आकडा जितका मोठा तितके लेन्सचे भोक लहान) लेन्समधून काचेवर उतरते तेव्हा तिच्या वाट्याला जेमतेम दीडशे लक्स येतात आणि एफ/८ च्या वाइड लेन्सला त्याच्याही निम्मेच. त्याच वेळी आपल्या पाठीमागच्या मोकळ्या आभाळाचा हजारो लक्सचा उजेड त्याच काचेवर आदळत असतो, त्यामुळे प्रतिमा पुसल्यासारखी होते. हा मागचा उजेड अडवणे हेच कपड्याचे काम आणि हेच हूडचेही. म्हणून निवड करताना दोनच गोष्टी पाहाव्यात : उजेड किती अडतो, आणि तो अडवताना डोळ्याला व हाताला किती मोकळीक उरते.

हूडचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. जुन्या प्रेस कॅमेऱ्यांच्या (वृत्तछायाचित्रकार हातात धरून वापरत त्या कॅमेऱ्यांच्या) पाठीवर असतो तो घडीचा, चार पाळ्या उघडणारा हूड बाजूचा तिरपा उजेड अडवतो; पण तो मागून उघडाच असल्यामुळे डोके थोडे मागे घेतले की ऊन थेट काचेवर येते. शिवाय त्याच्या खोलीमुळे लूप, म्हणजे फोकस पाहायचे भिंग, काचेच्या कोपऱ्यात टेकवताना हात अडतो. दुसरा प्रकार आरशाच्या बंद हूडचा. त्यात प्रतिमा सुलटी दिसते, जरी डावे-उजवे उलटेच राहते, आणि उजेडही उत्तम अडतो. चौकट ठरवण्यासाठी तो खरोखर सुखाचा आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण बंद हूडमध्ये डोळा एका जागी बांधला जातो, आणि लार्ज फॉरमॅटमध्ये नेमके तेच चालत नाही.

एक उदाहरण देतो. दीक्षाभूमीच्या स्तूपाचे चित्र रस्त्यावरून घ्यायचे आहे आणि पुढचे खांब व कठडे उभ्या रेषेत सरळ हवे आहेत, असे समजा. कॅमेरा वर न कलवता सपाट ठेवावा लागतो आणि घुमट चौकटीत यावा म्हणून लेन्सच वर सरकवावी लागते. या हालचालीला राइज म्हणतात. लेन्स वर गेली की तिच्या प्रकाशवर्तुळाची (लेन्स जेवढ्या गोल भागावर प्रतिमा टाकते त्याची) कड काचेच्या कोपऱ्यांजवळ येते आणि कोपरे काळवंडू लागतात. प्रतिमा उलटी असल्यामुळे आभाळाचे कोपरे काचेत खाली येतात, आणि ९० मिमीच्या लेन्सचे किरण तिथे इतके तिरपे पोहोचतात की समोरून पाहिल्यास ते कोपरे अंधारलेलेच दिसतात. डोके बाजूला नेऊन त्या किरणांच्या दिशेने पाहिले तरच तिथे चित्र आहे की नाही ते कळते. यासाठीच अनेक दुधी काचांचे चारही कोपरे कापलेले असतात. त्या कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे पाहावे : लेन्सचे भोक पूर्ण दिसले तर फिल्मच्या कोपऱ्यापर्यंत प्रकाश पोहोचतो आहे, भोकाचा भाग कापला गेला असेल तर राइज कमी करायला हवा. कपड्याखाली मान वळवून हे क्षणात पाहता येते. हूडची चौकट मात्र नेमके हे कोपरे झाकून बसते, तो काढावा लागतो, आणि काढल्यावर पुन्हा उजेडाचा प्रश्न उभा राहतो. मग हूड घेणाऱ्यालाही पिशवीत एक कापड बाळगावे लागतेच.

आता उन्हाविषयी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या शहरात काळ्या कपड्याखाली शिरणे हा जाच आहे, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण हा दोष कपडा वापरण्याचा नसून तो बाहेरूनही काळा असण्याचा आहे. काळे अस्तर आतून हवे, बाहेरची बाजू पांढरीच हवी. तयार मिळणारे मखमली कापड तर आपल्याकडे मुळीच घेऊ नये. ते जड असते, हवा कोंडते आणि त्याचे तंतू सुटून फिल्म होल्डरमध्ये (फिल्म ठेवायच्या चपट्या पेटीत) जातात, ज्यांचे बारीक केस पुढे निगेटिव्हवर कायमचे दिसतात. सॅटिनही नको, कारण ते कॅमेऱ्यावरून सारखे घसरते.

गांधीबागेत किंवा इतवारीत ४४ इंच पन्ह्याचे काळे सुती ड्रिल दीड मीटर आणि तेवढाच पांढरा मांजरपाट घ्यावा. शिवायला टाकण्याआधी दोन्ही कापडे वेगवेगळी दोन-तीनदा धुऊन वाळवावीत, कारण मांजरपाट आटतो आणि ड्रिलचा रंग जातो. हे केले नाही तर पहिल्याच पावसाळ्यात पांढरी बाजू करडी होते आणि कडांना सुरकुत्या येतात. दोन्ही थर एकत्र धरून उन्हाकडे पाहावे. कुठे टाचणीच्या टोकाएवढाही उजेड दिसला तर अस्तर दुहेरी करावे. एका कडेला मधोमध वेल्क्रोची पट्टी लावली की कपडा कॅमेऱ्याच्या मागच्या चौकटीभोवती घट्ट बसतो आणि चारही कोपऱ्यांत एकेक जाड लोखंडी वायसर शिवून टाकला की वाऱ्याने उडत नाही. खालची बाजू मोकळी सोडावी, म्हणजे हवा खेळती राहते. जानेवारीच्या थंड सकाळी याचा आणखी एक उपयोग होतो : श्वासाची वाफ काचेवर आणि चष्म्यावर साचत नाही. ज्यांना चाळिशी लागली आहे, त्यांनी जवळचा चष्मा दोरीने गळ्यातच ठेवावा, कारण कपड्याखाली शिरल्यावर खिसे चाचपडणे फार त्रासाचे होते.

याच कपड्याने होल्डरची डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी पातळ पट्टी) ओढताना वरून सावली धरता येते, लेन्सवर येणारे ऊन अडवता येते, जुन्या भात्याला (लेन्स आणि काच यांना जोडणाऱ्या घडीदार नळीला) बारीक भोक पडले असेल तर एक्स्पोजरपुरता भाता झाकता येतो, आणि ढग सरण्याची वाट पाहत असताना पांढरी बाजू वर करून संपूर्ण कॅमेरा उन्हापासून वाचवता येतो. हूडकडून यातले काहीही होत नाही.

हूडला माझा सरसकट विरोध नाही. प्रेस कॅमेरा हातात धरून काम करायचे असेल, तर घडीचा हूडच योग्य. अंबाझरीच्या बांधावर जूनमधल्या वादळी वाऱ्यात कपडा सांभाळता सांभाळता तिपाई हलते, तिथे हूड बरा. सीताबर्डीसारख्या गर्दीत डोके झाकून उभे राहिल्यावर तिपाईला कोण धडकेल याचा भरवसा नसतो. सोबत कोणी नसेल तर तिथेही हूड घ्यावा. मानेचे दुखणे असलेल्यांना आरशाचा हूड वरून पाहता येतो म्हणून सोयीचा पडतो. मात्र तो विशिष्ट कॅमेऱ्याच्या पाठीलाच बसतो, उद्या ५×७ चा कॅमेरा हाती आला तर निरुपयोगी ठरतो, आणि त्याच्या वजनाने हलक्या लाकडी फील्ड कॅमेऱ्याची मागची चौकट फोकस केल्यानंतरही किंचित मागे झुकू शकते. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवरून जे हाफ प्लेट (जुन्या काचेच्या प्लेटच्या मापाचे) कॅमेरे आज मुलांच्या हाती येत आहेत, त्यांना तर आजचा कोणताही तयार हूड सहसा बसत नाही. कपडा त्यांनाही चालतो.

माझे म्हणणे असे की पहिली खरेदी कपड्याची असावी, त्यानंतर चांगल्या लूपची, आणि हूडचा विचार या दोन्हींवर हात बसल्यावरच करावा. शहरातील ज्या कला महाविद्यालयांत आणि छायाचित्रण वर्गांत असे कॅमेरे आहेत, तेथील शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी मार्चमधल्या एखाद्या कडक उन्हाच्या सकाळी विद्यार्थ्यांना आवारातच उभे करून एकाच इमारतीवर, राइज देऊन, आधी हूडमधून आणि मग पांढऱ्या पाठीच्या कपड्याखालून चारही कोपरे तपासायला लावावेत आणि त्यानंतरच त्यांना खरेदीचा सल्ला द्यावा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक छायाचित्रकार वाचक,
धरमपेठ, नागपूर