थेंब घरंगळतो, रसायन उरते

महोदय,
नव्या विंडचीटरवर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो, तेव्हा मुले हरखून जातात. ही किमया बहुधा फ्लोरिनयुक्त ॲक्रिलेटच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या, लेपाची असते. कापड झिजताना, धुताना त्यातली कार्बन-फ्लोरिनची साखळी सुटते आणि गटारातून नदीत जाते. ती कुजत नाही. नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेलाही दाद देत नाही. आठ कार्बनची साखळी असलेल्या लेपांतून येणारे पीएफओए हे रसायन २०१९मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न कुजणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आले. उद्योग सहा कार्बनच्या साखळीकडे वळला, पण तेही तितकेच चिवट! युरोपीय संघाने २०२४मध्ये त्यावरही निर्बंध आणले. आपल्याकडे निदान लेबलवर तरी याची नोंद सक्तीची करा. रोजच्या पावसाला मेणाचा किंवा सिलिकॉनचा लेप पुरतो. मग मुलांच्या कपड्यांवर हे रसायन कशाला?

– एक पालक, इचलकरंजी