लॅपटॉप माझ्याकडे वळवणाऱ्या ट्यूनरदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहिलं तर तुम्ही रागवाल, म्हणून लिहीत नाही. पण फोनवर ‘थँक यू’ म्हणून माझं समाधान झालं नाही. तिसऱ्या गिअरमध्ये टर्बोचा बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, भरतो आणि गाडी न अडखळता ओढत जाते, तेव्हा दर वेळी तुम्ही आठवता.

तुमच्याआधी गाडी ज्यांच्या हातात होती, त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचा मी खरंच प्रयत्न केला. जमलं नाही. त्यांनी इंजिनात जास्त हवा कोंबणारा हायब्रिड टर्बो लावला, म्हणजे बाहेरून कंपनीचाच आणि आत मोठं कंप्रेसर व्हील. ते ठीकच होतं, कमी पैशांत तोच शहाणपणाचा मार्ग, टर्बो ज्यावर बसतो तो मॅनिफोल्ड बदलावा लागत नाही. पण इसीयूत, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, कुठूनशी आलेली तयार फाइल टाकून मोकळे झाले. वरच्या आरपीएमला गेलं की चेक इंजिनचा दिवा लागायचा आणि गाडी मरगळायची. विचारलं तर आज सेन्सर खराब, उद्या पेट्रोल खराब, परवा माझाच पाय जड. शेवटी ठेवणीतलं वाक्य आलं, ‘या बजेटात असंच चालणार.’ आणि हे सगळं बोलताना लॅपटॉपची पाठ माझ्याकडे.

तुम्ही पहिला लॉग, म्हणजे गाडी पळवताना झालेल्या नोंदींचा आलेख, घेतलात आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवलात. चष्म्याची काडी एका रेषेवर टेकवून विचारलंत, “इथे काय दिसतंय?”

तुमच्यासाठी ही रोजची सवय असेल. माझ्यासाठी नव्हती. टर्बो दिसतो तरी. शाफ्ट हलवून खेळ किती आहे ते बघता येतं, ऑइलची परतीची नळी उतारावर आहे की नाही ते डोळ्यांना कळतं. इसीयूतल्या फाइलचं, म्हणजे मॅपचं, तसं नाही. आत नुसती आकड्यांची कोष्टकं, अमुक आरपीएम आणि अमुक लोडला इंधन किती, ठिणगी किती अंश आधी. त्यात कोणी काय बदललं, काही बदललं तरी का, हे मालकाला कळायला वावच नसतो. या धंद्यातली लबाडी नेमकी तिथे लपते. तुम्ही तीच जागा उघडी करून ठेवलीत, तीही पैशांचं बोलणं व्हायच्या आधी.

मी म्हटलं, रेषा चढतेय. तुम्ही म्हणालात, “बरोबर. चढायला नको.” फुल लोडवर ०.८ च्या आसपास राहायला हवा तो लॅम्बडा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा (वाढला की इंधन कमी), आरपीएम वाढता वाढता १ कडे सरकत होता. हवा वाढली होती, इंधन पुरत नव्हतं. इंधन फवारणारे इंजेक्टर जवळजवळ पूर्णवेळ उघडे, त्यांच्याकडे आणखी द्यायला काही उरलंच नव्हतं. खालच्या रेषेत नॉक, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, ऐकून इसीयू बिचारा ठिणगीचं टायमिंग मागे ओढत होता. ज्याला आधीचे लोक खराब सेन्सर म्हणत होते, तोच इंजिन वाचवत होता!

पुढच्या कामाचं पुराण लावत नाही. वापरलेले पण साफ करून तपासलेले मोठे इंजेक्टर, एक पायरी थंड स्पार्क प्लग, त्यांची गॅप थोडी कमी, आणि बूस्ट एक बारवर बांधलेला. मी आणखी थोडा मागितला तर एवढंच म्हणालात, “इंटरकूलर अजून कंपनीचाच आहे.” म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा विषय तर तुम्ही सुरूच होऊ दिला नाहीत. पॉवरचं वेड लागलेल्या माणसाला काहीही विकता येतं, दादा. तुम्ही विकलं नाहीत. वर निघताना पेन ड्राइव्हवर माझ्या गाडीची फाइल दिलीत, लॉक न लावता.

१९६२ साली अमेरिकेतल्या ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर नावाची टर्बो गाडी विकायला काढली होती. तेव्हा इसीयू कुठला? नॉक रोखायला पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी दिलेली, आणि मालक ती भरायचं विसरायचे. लोक त्या मालकांना हसतात. मला मात्र वाटतं, ती टाकी कशासाठी आहे हे त्यांना कोणी तुमच्यासारखं शेजारी उभं राहून सांगितलं नसणार. हुशार माणसं या क्षेत्रात पुष्कळ आहेत. समोरच्याच्या खिशावरून त्याची अक्कल न मोजणारी फार थोडी भेटतात.

इंटरकूलरसाठी पैसे साठवतोय. तोवर ऑइल वेळेवर बदलतोय, आणि जोरात पळवल्यावर गाडी लगेच बंद करत नाही. कालच एक नवा लॉग काढला. लॅम्बडा जागेवर आहे, पण साडेपाच हजारांच्या जरा वर टायमिंग किंचित मागे आल्यासारखं दिसतंय. हवा गरम होती म्हणून असेल, असा माझा अंदाज. फाइल पाठवतो, सवडीने बघून सांगा.

आपलं,
एक कमी बजेटवालं गिऱ्हाईक